चंचलकुमारी आणि चारुमती

बंकिमचंद्रांची ‘राजसिंह’ ही कादंबरी १८८२ सालीं पुस्तकरूपानें निघाली व १८९३ सालीं पुष्कळ वाढवून पुन्हा छापली गेली. आपली खरी ऐतिहासिक कादंबरी हीच, असें ग्रंथकारानें वाढीव आवृत्तीच्या प्रस्तावनेंत स्वतः म्हटलें आहे. तेव्हां तिची परीक्षा त्याच कसोटीवर होणें न्याय्य होय. मराठी वाचकांस हें कथानक हरिभाऊ आपट्यांच्या ‘रूपनगरच्या राजकन्ये’मुळें परिचित आहेच.

औरंगजेबाची तसबीर पायाखालीं चुरडणारी, आणि त्याची मागणी येतांच मेवाडच्या राण्यास आपण होऊन पत्र धाडणारी चंचलकुमारी मोठी पाणीदार उतरली आहे. पत्र घेऊन निघालेला पुरोहित वाटेंत लुटला जातो, तेथपासून वाचकाचा जीव टांगणीस लागतो. या भागास नांवें ठेवणें अरसिकपणाचें होईल.

परंतु राजसमुद्राच्या बांधावर पंचवीस शिळांवर कोरलेली रणछोड भट्टाची राजप्रशस्ति काय सांगते? संवत् १७१७ मध्यें, म्हणजे इ. स. १६६० च्या सुमारास, राजसिंहानें कृष्णगडास जाऊन रूपसिंह राठोडाच्या, दिल्लीश्वरासाठीं राखून ठेवलेल्या, कन्येचें पाणिग्रहण केलें. हीच चारुमती. जिझिया लादला गेला १६७९ सालीं, व मेवाडचें युद्धही त्याच सुमारास पेटलें. मधलीं एकोणीस वर्षें बंकिमबाबूंनीं पुसून टाकलीं, आणि एका विवाहप्रसंगास युद्धाच्या उंबरठ्यावर आणून बसविलें.

याहून मोठी हानि पित्याच्या बाबतींत झाली आहे. कादंबरींतील पिता विक्रमसिंह सोळंकी, आणि तोही हयात. खरा पिता रूपसिंह १६५८ सालीं सामूगडच्या रणांत दाराच्या पक्षानें औरंगजेबाशीं लढतां लढतां पडला होता. ज्याच्याशीं लढतांना बाप गेला, त्याच्याच जनानखान्यांत दोन वर्षांनीं मुलीनें जावयाचें! एवढा आयता प्रसंग इतिहासांत पडला असतां, तसबीर फोडण्यावाचून नायिकेस दुसरें कारण कां नसावें? टॉडवर सारी भिस्त ठेविल्याचें हें फळ.

राहिलें तें पत्र. त्यास आधार टॉडनें दिलेल्या कथेचा. प्रशस्तिकार राजाश्रित, एका कन्येनें बोलाविलें म्हणून आपला धनी धांवला, असें तो शिळेवर कशास कोरील? त्याच्या मौनानें पत्र खोटें ठरत नाहीं, आणि टॉडच्या लेखणीनें खरेंही ठरत नाहीं. राजस्थानांतील ख्याती व बह्या ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं संवत् १७१७ च्या आसपासचीं पानें एकवार या दृष्टीनें चाळून पाहावीं, व रूपनगरच्या पुरोहित घराण्याचा एखादा कागद हातीं लागल्यास तो मूळ अक्षरवटिकेसह प्रसिद्ध करावा.