मानवी व्यापाराचे कायदे, वऱ्हाडातून पाहताना

मानवी व्यापार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॉजवरचा छापा येतो. ओढणीनं तोंड झाकलेल्या मुली, पोलिसांची गाडी, दुसऱ्या दिवशीची बातमी. अमरावती-अकोल्याच्या वर्तमानपत्रांत ‘पीटा’ हा शब्द असाच भेटतो. धारणी-चिखलदऱ्याहून उचल घेऊन खाली कामाला उतरलेलं कोरकू कुटुंब मात्र या चित्रात कुठंच नसतं. आपण आज कायदे तपासणार आहोत ते या कुटुंबाला समोर ठेवून.

संविधानाच्या अनुच्छेद 23 मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई आहे. पुढं आपण त्यांची वाटणी केली. 1956 चा अनैतिक व्यापाराचा कायदा पोलिसांकडे गेला, 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा जिल्हाधिकाऱ्यांकडे.

पहिल्याचं नावच बघा, ‘अनैतिक’. त्याच्या कलम 8 खाली गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईलाच शिक्षा होते. कलम 17 खाली सोडवलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. म्हणायचं संरक्षण आणि कडी लावायची बाहेरून! सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा तीन सज्ञान स्त्रियांना सोडलं आणि वेश्याव्यवसाय हा स्वतः या कायद्याखाली गुन्हा नाही, हे स्पष्ट केलं. कायद्याचा मजकूर अजून तोच आहे.

आम्हाला 1976 चा कायदा कितीतरी उजवा वाटतो. तो माणसाला कोंडत नाही, त्याचं कर्ज रद्द करतो. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारीही तो सावकारावर टाकतो. 1982 च्या एशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं: किमान वेतनाहून कमी पैशात राबावं लागणं हीही सक्तीची मजुरी, कारण पोटाची गरजही माणसाला भाग पाडते. आता बघा, कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. कुठंही असले तरी लोक गावाकडं निघतात. अशा वेळी मुकादम म्हणाला, ‘आधी उचल फेडा, मग जा,’ तर तिथं ना कुलूप ना पहारा, पण कायद्याच्या नजरेत ती वेठबिगारीच.

मग अडतं कुठं? शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड 2,000 रुपये, 1976 पासून तेवढाच. उलट भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये एकाहून जास्त माणसांच्या व्यापाराला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यात शोषणाच्या व्याख्येत ‘भीक’ नाव घेऊन आली, ‘वेठबिगार’ नाही. ‘गुलामगिरीसारख्या प्रथा’ या शब्दांत ती बसवायची, म्हणजे वकील लागला.

नुसता कडक कायदा हवा म्हणणाऱ्यांनी भुसावळ आठवावं. मे 2023 मध्ये बिहारहून सांगलीच्या मदरशात निघालेली 59 मुलं भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवली गेली, पाच शिक्षक मानवी व्यापाराच्या कलमाखाली सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले. 2024 मध्ये पोलिसांनीच तो गुन्हा बंद केला. मुलं काही दिवस आईबापांपासून दूर बालगृहात होती, हे कोणत्या आकड्यात मोजायचं?

पुनर्वसनाची केंद्राची योजना कागदावर चांगली आहे. पुरुषाला एक लाख, स्त्रिया-मुलांना दोन, अतिशय गंभीर प्रकरणात तीन. पण तातडीची मदत 30,000 पर्यंतच, बाकीचा पैसा वेठबिगारी सिद्ध होईपर्यंत थांबतो. खटला उभा राहीपर्यंत ते कुटुंब पुढच्या हंगामाची उचल घेऊन बसलेलं असतं.

आणि मुक्तीचा दाखला? मजूर अकोल्यात सापडला तर तिथलं प्रशासन देणार, घर धारणीला, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. कायद्यानं जिल्ह्यात आणि उपविभागातही दक्षता समिती सांगितली आहे. ती हंगामाआधी धारणीत बसावी, उचलीची नोंद तिथंच व्हावी, आणि तीच नोंद अकोल्याच्या समितीच्या टेबलावर असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती दोन जिल्हा कचेऱ्यांमधली एक चिठ्ठी.