पॅरिशमधले गट मोजून काय कळतं? पुटनम वाचताना आलेली अडचण

रॉबर्ट पुटनम यांचं 'मेकिंग डेमोक्रसी वर्क' (1993) तुमच्या वाचनाच्या यादीत असेलच. असायलाच हवं. पण त्यातली मोजायची पद्धत उचलून थेट आपल्या गावात नेली की काय होतं, हे मी जालना जिल्ह्यातल्या एका कॅथलिक पॅरिशमध्ये करून बघितलंय.

आधी पुस्तक. इटलीत 1970 मध्ये प्रादेशिक सरकारं आली. रचना सगळीकडे सारखी, तरी काही नीट चालली, काही नाहीत. पुटनम म्हणतात, लोक जिथे बरोबरीच्या नात्याने संस्थांमध्ये एकत्र येतात, तिथे कारभार बरा. हे मोजायला त्यांनी क्रीडा-सांस्कृतिक संस्थांची संख्या, वर्तमानपत्राचे वाचक आणि मतदानाचे दोन निकष घेतले. चर्चला जाणं मात्र त्यांच्या हिशोबात नागरी जीवनाच्या विरुद्ध बाजूला पडलं, कारण इटलीतल्या कॅथलिक चर्चची रचना वरून खाली. गंमत म्हणजे 'बोलिंग अलोन'मध्ये (2000) तेच लिहितात की अमेरिकेत संस्थांची जवळजवळ निम्मी सभासदत्वं चर्चशी जोडलेली आहेत.

'वरून खाली' हे खोटं नाही. चर्चच्या 1983 च्या कायद्यातलं 536 वं कलम पॅरिश कौन्सिलला फक्त सल्ल्याचा अधिकार देतं. शेवटचा शब्द फादरांचा. माझं भांडण याच्याशी नाही, मोजणीशी आहे.

मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची, त्यामुळे आधी तक्ता केला: गटाचं नाव, सभासद, महिन्यातल्या बैठका. पटापट भरला. पॅरिश कौन्सिल, महिला मंडळ, युवक गट, लीजन ऑफ मेरी, वस्तीवरचे छोटे ख्रिस्ती समूह. मग नावं जुळवली, तर याद्यांत त्याच आठ-दहा बायका! म्हणजे गट पाच, माणसं तीच. आणि जानेवारीत गेले तेव्हा बैठकीला निम्मेही नव्हते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली कुटुंबं हंगाम संपल्याशिवाय परतत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. आकड्यावरून गट मेलेला दिसला असता. प्रत्यक्षात त्या कुटुंबांची शाळेत जाणारी पोरं याच बायका सांभाळत होत्या, आणि ते कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

खरी अडचण मात्र शेवटच्या रकान्यात निघाली. मी सभासदाचं नाव आणि धर्म विचारला होता. एका वयस्कर काकांनी कागद हातात धरला, वाचला आणि विचारलं, "ताई, हे कुठं देणार तुम्ही?"

हा प्रश्न का आला ते समजून घ्या. मराठवाड्यातला बराचसा ख्रिस्ती समाज दलित कुटुंबांतून आलेला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणजे माझी यादी एखाद्याच्या पोराच्या जातीच्या दाखल्याविरुद्ध पुरावा ठरू शकत होती. भरलेले कागद मी त्याच दिवशी फाडले. तीन आठवड्यांचं काम गेलं.

पुटनम यांच्या मोजणीत एक न बोललेलं गृहीत आहे: यादीत नाव असल्याने माणसाचं काही बिघडत नाही. इथे बिघडतं. त्यामुळे आकडा कमी आला तर विश्वास कमी आहे की भीती जास्त आहे, हे आकड्यावरून सांगता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा 'मिसिंग ॲट रँडम' डेटा नाही. जो गाळला जातोय तो नेमका आपल्याला मोजायच्या गोष्टीमुळेच गाळला जातोय. सॅम्पल वाढवून हे सुटत नाही.

आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंग्यांवरच्या पुस्तकात (2002) संस्थांमधले संबंध आणि रोजचे संबंध वेगळे केले. शहरात संस्था लागतात, खेड्यात रोजचं येणं-जाणंही पुरू शकतं, असं ते मांडतात. मला तिथून वाट सापडली. आता धर्माचा रकाना नाही, नाव नाही. विचारते एवढंच: गेल्या वेळी दवाखान्यात जाताना सोबत कोण आलं होतं? उत्तरांत महिला मंडळाच्या बाया आहेत, प्रोटेस्टंट चुलते आहेत, शेजारचे मुसलमान रिक्षावालेही आहेत.

हा आकडा इटलीच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. मला ते चालतं. गाइडना अजून पटलेलं नाही.