चित्रात काय हलावं, हे कुणी ठरवायचं?

मुलांच्या पुस्तकातलं स्थिर चित्र काही मिनिटांत हलतं करून देणारी साधनं आता कुणाच्याही हाताशी आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजन’ खुलं झालं, तेव्हा एका चित्रातून जेमतेम १४ किंवा २५ चौकटी निघत. आज रनवे, क्लिंग, व्हिओ यांसारख्या साधनांतून पाच ते दहा सेकंदांचे तुकडे सहज मिळतात, आणि असे तुकडे एकापुढे एक जोडून गोष्टींचे व्हिडिओ तयार होतात. त्यांवरची टीका बहुधा वितळलेल्या बोटांवर आणि मध्येच बदलणाऱ्या चेहऱ्यांवर अडकून पडते. हे दोष खरे असले तरी ते तांत्रिक आहेत आणि कमी होत चालले आहेत. या कलेचं खरं दुखणं वेगळं आहे. चित्रातलं काय हलावं, कधी हलावं आणि काय मुळीच हलू नये, हा निर्णय या सगळ्या खटाटोपात कुणीच घेतलेला नसतो.

एक साधं पान घेऊ. ओळ आहे, ‘मांजर कपाटामागे लपलं.’ चित्रात खोली आहे, खुर्चीत नऊवारीतली आजी आहे, खिडकीला पडदा आहे आणि कपाटाआडून मांजराची शेपटी दिसते आहे. हे चित्र नुसत्या ‘हलवून दे’ एवढ्या सूचनेसह यंत्राला दिलं की बहुतेक वेळा पडदा झुळझुळतो, आजी डोळे मिचकावते, बाहेरचे ढग सरकतात आणि सगळी खोली कॅमेरा पुढे गेल्यासारखी जवळ येते. मांजर मात्र जिथल्या तिथे. यात यंत्राचं काही चुकलेलं नाही. अशा चित्रात साधारणपणे काय हलतं, एवढंच ते असंख्य व्हिडिओंवरून शिकलेलं आहे. गोष्ट त्याच्या गावीही नाही.  चित्रकाराने शेपटी तेवढी दाखवून जे मुलाच्या नजरेला शोधायला ठेवलं होतं, ते पडद्याच्या आणि ढगांच्या गडबडीत हरवून जातं.

आपल्याकडे चित्र हलवण्याची कला नवी नाही, आणि हाच मुद्दा तिच्या इतिहासातून स्पष्ट होतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती एकेका चौकटीसाठी काड्या हाताने सरकवून. तिथे विनाकारण काही हलण्याची सोयच नव्हती. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट दूरदर्शनमुळे देशभरातल्या मुलांना ठाऊक झाला. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाई यांचं आणि ऍनिमेशन भीमसेन यांचं.   या चित्रपटातले आकार सपाट आहेत, रंग ठळक आहेत, हालचाल मोजकी आहे. पण जाळ्यात सापडलेली पाखरं एकदम पंख मारून जाळ्यासकट वर उठतात, तेव्हा चित्रपटाला जे सांगायचं आहे ते त्या हालचालीतच असतं. ती काढून घेतली तर गोष्टच उरत नाही. पडद्याची झुळझूळ काढली तर मात्र मांजराच्या गोष्टीचं काहीही बिघडत नाही.

संशोधन काय सांगतं? २०१५ मध्ये झोफिया टाकाक्स, एलिस स्वार्ट आणि आड्रियाना बुस यांनी ४३ अभ्यासांचा, म्हणजे २,१४७ मुलांवरच्या निष्कर्षांचा, एकत्र आढावा घेतला. हलती चित्रं, आवाज आणि संगीत यांमुळे गोष्ट समजायला आणि शब्द शिकायला थोडी मदत होते, पण मध्येमध्ये पेरलेले खेळ आणि दाबून बघायच्या जागा मुलांना गोष्टीपासून दूर नेतात, असं त्यात दिसलं. दुसरीकडे, अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये डॉ. जॉन हटन यांनी २७ लहान मुलांच्या मेंदूची स्कॅन चित्रं घेतली. नुसती ऐकलेली, चित्रांसह ऐकलेली आणि ऍनिमेशनमध्ये पाहिलेली अशा तीन तऱ्हांच्या गोष्टींपैकी हटन यांना स्थिर चित्रांची गोष्ट सर्वांत अनुकूल वाटली. वरवर हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. पण टाकाक्स आणि बुस यांनी पुढच्या वर्षी मुलांची नजर कुठे जाते हे मोजलं, तेव्हा वाचल्या जाणाऱ्या वाक्याशी जुळणारी हालचाल नजरेला नेमक्या जागी नेते, असं आढळलं. हालचाल डोळा ओढून घेते, हे दोन्हीकडे खरं आहे. तो गोष्टीकडे ओढला गेला की फायदा, गोष्टीपासून दूर गेला की तोटा. स्थिर चित्रात नजर कुठे, किती वेळ थांबवायची हे मूल स्वतः ठरवतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ हे पुस्तक याच मोकळिकीवर उभं आहे. ही मोकळीक काढून घ्यायची असेल, तर बदल्यात तेवढ्याच तोलाचं काही द्यायला हवं.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. मराठी बालपुस्तकांच्या आवृत्त्या लहान, हाताने केलेलं ऍनिमेशन महाग. मग यंत्राने स्वस्तात दिलेलं का नाकारायचं? आक्षेप वजनदार आहे. लखनौच्या अलीगंजसारख्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाचा विचार केला की तो आणखी पटतो. शाळेत, रस्त्यावर, दुकानात सगळीकडे हिंदी. मराठी ऐकू येते ती घरात. लिपी एकच असल्याने अक्षरं त्याला वाचता येतात, पण शब्द परके राहतात. अशा मुलाला आवाज, अक्षरं आणि हलतं चित्र एकत्र मिळालं तर ते मोलाचं आहे. ब्रिज कोठारी यांच्या ‘बुकबॉक्स’ने हलत्या चित्रांच्या गोष्टींखाली त्याच भाषेतली अक्षरं देऊन हा मार्ग कधीच दाखवला आहे. पण नेमक्या याच मुलाला जुळणाऱ्या हालचालीची गरज सर्वांत जास्त असते. शब्द ठाऊक नसताना त्याला चित्रावरूनच अर्थ लावायचा असतो, आणि ‘लपलं’ हा शब्द कानावर पडत असताना पडदाच हलत असेल तर तो चुकीचा अर्थ लावेल. अलीगंजमधल्याच आंचलिक विज्ञान नगरीसारख्या ठिकाणी मुलाने कळ फिरवली की जे तत्त्व दाखवायचं तेवढंच फिरतं. सगळं दालन गरगरलं तर मूल काय शिकेल? स्वस्त साधन घ्यावंच, पण निर्णयाचा खर्च त्यातून वाचत नाही.

दुसरा आक्षेप असा, की साधनं सुधारतील आणि गोष्टही समजून घेतील. सुधारतील, यात शंका नाही. पण आजवर चांगलं काम कुठे झालं ते पाहावं. मेटाच्या संशोधकांनी मुलांनी काढलेली माणसं हलवणारं साधन केलं आणि त्यासोबत सुमारे १,७८,००० चित्रांचा संग्रह खुला केला. चेहरा समोरून आणि पाय बाजूने, असं मुलं काढतात. या साधनाने ते ‘दुरुस्त’ केलं नाही. धड आणि पाय वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्यासारखे हलवून त्याने मुलांच्या रेषेची तऱ्हा जपली. मुलं कशी रेखाटतात हे कुणीतरी आधी बारकाईने पाहिलं आणि यंत्राला नेमून दिलेलं काम आखूडच ठेवलं, म्हणून हे साधलं. चित्राचा कुठला भाग हलवायचा हे ब्रशने रंगवून ठरवण्याची सोयही आता काही साधनांत आहे. तेव्हा अडचण यंत्राच्या ताकदीची नाही. ब्रश कुणाच्या हातात द्यायचा एवढाच प्रश्न आहे.

तो चित्रकाराच्या हातात असावा, याला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कलावंताला श्रेय मागता येतं, आणि कामाची मोडतोड किंवा बदल त्याच्या लौकिकाला बाधक ठरत असेल तर आक्षेप घेता येतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा हक्क ठामपणे मान्य केला. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीव्हीवर’ या संकेतस्थळावरची पुस्तकं खुल्या परवान्यावर आहेत, ती हलवायला मुभा आहे, पण मूळ चित्रकाराचं नाव देणं आणि बदल केल्याचं सांगणं बंधनकारक आहे. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक जालावर आणले, तेही उद्या कुणाला हलवावेसे वाटतील. त्यातले कित्येक चित्रकार आज हयात नाहीत, म्हणून तिथे तर जास्तच जपून चालायला हवं.

‘म्हणजे यंत्र नकोच म्हणा की,’ असं कुणी म्हणेल. तसं नाही. दोन मुख्य चौकटींमधल्या चौकटी भरणं, पंखाची एकच फडफड शंभरदा काढणं ही कष्टाची कामं यंत्राने खुशाल करावीत. हे कष्ट टळले म्हणून कलेचं काही नुकसान होत नाही. फक्त प्रत्येक पानासाठी चित्रकाराने दोन ओळींचं टिपण द्यावं: या वाक्याला काय हलेल, आणि काय स्थिर राहील. या कामाचे त्याला वेगळे पैसे मिळावेत. आणि श्रेयपानावर लेखक, चित्रकार यांच्या खाली आणखी एक नाव यावं, हालचाल ठरवणाऱ्याचं. ते नाव छापण्याजोगं कुणी प्रकाशकाकडे नसेल, तर ते पुस्तक हलवायची घाई त्याने करू नये.