दोष अनुयायांचा की शिकवणुकीचा?
‘आम्ही स्मरतो’ या निवेदनाची चिकित्सा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुदी स्त्री-पुरुष व बालके ठार केली. हा संहार ज्या युरोपात घडला तो शतकानुशतके ख्रिस्ती होता आणि मारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. मग या संहारामागील विचारसरणीची जबाबदारी ख्रिस्ती धर्मावर येते काय? रोमच्या धर्मपीठाने १६ मार्च १९९८ रोजी ‘आम्ही स्मरतो’ या शीर्षकाचे निवेदन काढून या प्रश्नाला उत्तर दिले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे.

निवेदनाचा युक्तिवाद दोन भेदांवर उभा आहे. पहिला भेद असा की, ख्रिस्ती समाजातील यहुदीविरोध धार्मिक स्वरूपाचा होता. नाझींचा वंशद्वेष मात्र आधुनिक, धर्मबाह्य, किंबहुना ख्रिस्ती धर्माच्याही मुळावर येणारा होता. दुसरा भेद असा की, जे पाप घडले ते चर्चच्या पुत्र-कन्यांचे होय, स्वतः चर्चचे नव्हे.

जालना जिल्ह्यातील वाचकाने हा वाद परका मानू नये. जालना शहराजवळची बेथेल ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविली. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मण गृहस्थांकडे जी कुटुंबे आली ती प्रामुख्याने मांग व महार समाजांतील होती, म्हणजे आपल्याच रक्तामांसाची माणसे होती. गावकुसाबाहेर पडलेल्यांना ख्रिस्ती धर्माने शाळा आणि माणुसकी दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. ‘बेथेल’ हा शब्द हिब्रू आहे. त्याचा अर्थ देवाचे घर. ज्या लोकांची ही भाषा, त्यांचाच द्वेष करावयास त्या धर्माने शिकविले काय, हे विचारणे म्हणजे आपल्या ख्रिस्ती बांधवांची निंदा नव्हे.

पहिल्या भेदात तथ्यांश आहे. चर्चच्या सिद्धांतानुसार यहुदी मनुष्य बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होऊ शकत होता. नाझींनी मात्र त्याला सुटकेची कोणतीच वाट ठेवली नाही. परंतु सिद्धांत आणि आचार यांत किती अंतर होते, हे स्पेनमधील तोलेदो शहराने १४४९ मध्येच दाखवून दिले. धर्मांतरित यहुद्यांच्या वंशजांना अधिकारपदांपासून दूर ठेवणारा ‘रक्तशुद्धी’चा नियम तेथे करण्यात आला. पोपने त्याचा निषेध केला. तरीही पुढे असे नियम स्पेन व पोर्तुगालमधील धार्मिक संस्थांत पसरले. म्हणजे रक्तावरून माणूस ओळखण्याची रीत ख्रिस्ती समाजाला नाझींच्या आधी पाचशे वर्षे ठाऊक होती. पुढे १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी यहुदी कोण हे ठरविले तेही आजी-आजोबांच्या धर्मावरून, आणि ‘आर्य’ असल्याचा पुरावा म्हणून चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांतील उतारे मागविले गेले.

ही रक्ताची शंका आपल्या किनाऱ्यावरही उतरली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणारे धर्मन्यायासन, स्थापन झाले. त्याचे पहिले लक्ष्य ‘नवख्रिस्ती’, म्हणजे यहुदी कुळांतून बाटविलेले लोक हे होते. भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच कुळातला. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. पुढे या न्यायासनाचा जाच मुख्यतः स्थानिक बाटलेल्यांना भोगावा लागला. मध्यंतरीची काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते.

आता त्याच किनाऱ्यावर उत्तरेस चला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल हे यहुदी शतकानुशतके तेल गाळून राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. त्यांना कोणी जाळले नाही, हाकलले नाही. हे उदाहरण देऊन हिंदू धर्माच्या सहिष्णुतेचा गौरव नेहमी केला जातो. परंतु याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांची डोकी फोडण्यात आली ती तेथेच. कोकणचा माणूस गोव्याच्या पाद्र्याहून मनाने अधिक दयाळू होता, असा याचा अर्थ होत नाही. शनिवार तेल्याचा द्वेष करावा असे त्याच्या धर्मग्रंथात कोठेही लिहिलेले नव्हते. अस्पृश्याचा करावा असे लिहिलेले होते. मनुस्मृतीने चांडाळाला गावाबाहेर ठेवले आणि राजाज्ञेने ओळखीच्या खुणा दिल्या. रोमच्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने यहुद्यांना वेगळा वेश नेमून दिला. माणसाचा क्रूरपणा सर्वत्र सारखाच असतो. तो कोणावर तुटून पडेल, हे मात्र शिकवण ठरविते.

हाच निकष लावला म्हणजे दुसरा भेदही टिकत नाही. यहुदी जमावाने ख्रिस्तवधाचे रक्त आपल्या मुलाबाळांवर ओढवून घेतले, हा प्रसंग मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध प्रवचने देणारा जॉन क्रिसोस्तोम चर्चचा संत आहे. १५४३ मध्ये यहुद्यांची प्रार्थनागृहे जाळा असे लिहिणारा मार्टिन ल्यूथर प्रॉटेस्टंट पंथाचा आद्य प्रवर्तक आहे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ती प्रार्थनागृहे जळाली, तेव्हा ल्यूथरचे हेच लेखन एका बिशपने पुस्तिकारूपाने पुन्हा प्रसिद्ध केले. अशा वेळी केवळ पुत्र-कन्यांना दोष देऊन मातेला निर्दोष ठरविणे न्यायाचे नव्हे.

आपल्या परिचयाचा हा युक्तिवाद आहे. ‘धर्म चांगला, माणसे वाईट’ असे सनातनी आजही सांगतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात त्याला कायमचे उत्तर दिले: लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर ते धर्मनिष्ठ आहेत म्हणून; तेव्हा प्रहार शास्त्रांच्या पावित्र्यावर झाला पाहिजे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्याची कारणे नोकऱ्यांच्या स्पर्धेत व राजकारणात शोधली गेली, ती खोटीही नसतील. पण आग कोणत्या वस्तीला लावायची हे गावाला कोणी शिकविले? जर्मनीतील बेकारी आणि पराभव यांविषयीही हेच विचारता येते.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. ख्रिस्ती शिकवण हेच संहाराचे एकमेव कारण म्हणणे कार्यकारणाच्या नियमास धरून होणार नाही. पट्ठानात चोवीस प्रत्यय सांगितले आहेत. त्यांत ‘उपनिस्सय’ म्हणजे बलवान आधार देणारा प्रत्यय होय. बी वेगळे, माती वेगळी. परंतु मातीवाचून बी रुजत नाही. नाझी विचारसरणीचे बी वंशवादाचे होते, माती चर्चने नांगरून ठेवलेली होती. कर्म म्हणजे चेतना, म्हणून हत्येचे कर्म हत्या करणाऱ्याचेच. मातीची जबाबदारी मात्र ती नांगरणाऱ्याची. त्याच मातीत हिटलरविरुद्धच्या कटात सामील झालेला व १९४५ मध्ये फाशी गेलेला पाद्री बॉनहोफर निपजला, हेही विसरता येत नाही. शिवाय १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तवधाचा सरसकट आरोप यहुद्यांवरून अधिकृतपणे काढून टाकला. कबुली अपुरी असली तरी दुरुस्ती खरी आहे. मनुस्मृतीच्या बाबतीत अशी अधिकृत दुरुस्ती कोणत्या पीठाने केली?

येथेच लेख संपविणे सोयीचे झाले असते. परंतु जो निकष आपण रोमला आणि मनूला लावतो तो स्वतःस न लावणे धम्माला शोभणारे नाही. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना पळून जावे लागले. त्याच वर्षी एका ज्येष्ठ भिक्खूने लष्करी अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या प्रवचनात ‘महावंसा’तील दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. रणातील नरसंहाराने व्याकूळ झालेल्या त्या राजाला अर्हत् सांगतात की, मेलेल्यांत माणूस म्हणण्याजोगे दीडच होते, एक शरण गेलेला आणि एक पंचशील घेतलेला, बाकीचे पशुवत्. ही बुद्धवाणी नव्हे, सिंहली इतिवृत्त आहे, असे आपण म्हणू आणि ते खरेही आहे. पण ‘ही शिकवण आमची नव्हे, दोष अनुयायांचा’ असे म्हणून आपणही थांबलो, तर आपले उत्तर रोमच्या उत्तराहून वेगळे कसे?

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे बजावले होते. बाबासाहेबांनी १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन केले ते याच अधिकाराने. ती चिकित्सा परधर्मापुरती राखून ठेवली तर आपणही एक सनातन निर्माण करू. बेथेलमधील बांधवाने मत्तयचा तो प्रसंग आणि आपण दुट्ठगामणीची ती कथा प्रथम आपापल्या घरात नाकारावी. दुसऱ्याच्या ग्रंथाविषयी बोलण्याचा अधिकार त्यानंतरचा.