प्रस्थान आणि प्रवास : हिमालयीन प्रवासलेखनातील पूर्वतयारीचा पाठ

प्रवासवर्णनाच्या समीक्षेत पूर्वतयारीच्या प्रकरणाकडे सहसा दुर्लक्ष होते. परवाने, शिधा, हमाल, ऋतू, मुक्काम यांचा हिशेब म्हणजे ग्रंथाची ओसरी. खरे घर पुढे आहे, अशी अभ्यासकांची समजूत दिसते. वास्तविक दुर्गम प्रदेशाविषयीच्या लेखनात हेच प्रकरण संहितेची दृष्टी ठरवीत असते. कोणती खिंड केव्हा ओलांडायची, ओझे कोणाच्या पाठीवर जाणार, परवानगी कोणाची घ्यायची आणि कोणाची चुकवायची, या निर्णयांतच निवेदक आणि प्रदेश यांचे नाते बरेचसे घडून गेलेले असते.

या अवस्थेसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : प्रस्थान. मुहूर्त साधायचा, पण प्रत्यक्ष निघणे शक्य नाही, अशा वेळी आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते आणि त्या रात्री पालखी आळंदीतच मुक्कामाला असते. निघालेले असणे आणि अद्याप तेथेच असणे, या दोन्ही स्थितींना एकत्र सामावणारी ही संकल्पना तौलनिक अभ्यासात उपयोगात आणण्याजोगी आहे. केवळ ‘तयारी’ म्हटले की साधनांचा विचार होतो. ‘प्रस्थान’ म्हटले की मागे काय ठेवले आणि पुढे काय पाठवले, हाही प्रश्न येतो.

या दृष्टीने पीटर मॅथिसन यांचे ‘द स्नो लेपर्ड’ (१९७८) आणि जॉर्ज शॅलर यांचे ‘स्टोन्स ऑफ सायलेन्स’ (१९८०) ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. नेपाळच्या वायव्येकडील डोल्पो प्रदेशात, शे गोम्पाच्या परिसरात, दोघे १९७३ साली एकत्र गेले. योजना शॅलर यांची होती. भरल या रानटी मेंढीवर्गीय प्राण्याचे समागमकालातील वर्तन त्यांना पाहायचे होते. हा प्राणी मेंढीला जवळचा की शेळीला, हा त्यांच्यापुढील शास्त्रीय प्रश्न होता. तो काळ हिवाळ्याच्या तोंडावर येतो, आणि नेमक्या त्याच सुमारास बर्फाने खिंडी बंद होऊ लागतात. म्हणजे फार लवकर पोचून उपयोग नाही आणि उशीर केला तर पोचताच येणार नाही. २८ सप्टेंबरला पोखरा सोडताना हा ताण दोघांच्या मनात होता. रेंगाळलेल्या पावसाने आणि हमालांच्या अडचणींनी तो वाढवला.

हे वेळापत्रक दोन ग्रंथांत दोन निराळी कामे करते. शॅलर यांच्याकडे ते निरीक्षणाची अट आहे. मॅथिसन यांच्याकडे त्याला दुसरे एक वेळापत्रक छेदते. त्यांच्या पत्नीचे १९७२ साली कर्करोगाने निधन झाले होते. आठ वर्षांचा मुलगा मागे राहिला होता आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत परतण्याची गोष्ट त्याच्याशी झालेली होती. शे येथे पोचलेली टपाल निवेदक न उघडताच सामानात ठेवून देतो. आतला मजकूर कसाही असला तरी तेथून काही करता येणार नाही, हे त्याचे कारण. या कृतीकडे अनासक्तीचा नमुना म्हणून पाहण्याची टीकाकारांना सवय आहे. ‘प्रस्थाना’च्या अंगाने पाहिले तर मात्र न उघडलेले पत्र म्हणजे मागे ठेवलेल्या घराने पुढे पाठवलेली वस्तू ठरते. बौद्ध परिभाषेच्या आड हा हिशेब ग्रंथभर चुकता होत नाही, आणि ग्रंथाचे बळ त्यातच आहे. हिमबिबट्या न दिसण्याविषयी टीकाकारांनी जेवढे लिहिले त्याच्या निम्मेही या पत्राविषयी लिहिले असते तर बरे झाले असते.

भारतीय भाषांतील परंपरा येथे निराळी ठरते. काकासाहेब कालेलकर मूळचे साताऱ्याचे, मातृभाषा मराठी. पण ‘हिमालयनो प्रवास’ त्यांनी गुजरातीत लिहिला. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर १९१२ साली ते हिमालयात गेले. बरोबर स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर होते. येथे योजना आखण्याचे प्रकरण असे नाहीच. बदरी-केदारच्या वाटेवर चट्ट्या ठरलेल्या, यात्रेचा हंगाम ठरलेला, कोणत्या स्थळी काय करायचे तेही ठरलेले. शतकानुशतकांच्या यात्रेकरूंनी योजना आधीच आखून ठेवली आहे. त्यामुळे कालेलकरांच्या निवेदकाला जी मोकळीक मिळते ती मॅथिसन यांना कधीच मिळत नाही.

राहुल सांकृत्यायन याच तयार योजनेचा चतुराईने वापर करतात. बौद्ध ग्रंथांच्या शोधात त्यांना १९२९ साली तिबेटात जायचे होते आणि उघडपणे जाणे शक्य नव्हते. ते महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंबरोबर नेपाळात शिरले आणि पुढे भिक्षेकऱ्याच्या वेषात गेले. धोका दिसला की टोपी काढून जीभ दाखवत पैसा मागायचा, हेही त्या वेषातलेच. ज्ञानाच्या शोधाला तीर्थयात्रेचे आणि दारिद्र्याचे कवच आहे. परवाना नसणे हीच येथे शैली घडवणारी गोष्ट होय : निवेदन सतत खालच्या पायरीवरून, स्वयंपाकघराच्या बाजूने तिबेटी घर पाहते. परवाना घेऊन गेलेल्या युरोपीय संशोधकाला ती बाजू क्वचितच दिसते.

काशी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या कृष्णनाथांच्या ‘स्पीति में बारिश’मध्ये ‘दुर्गम’ हे विशेषणच तपासणीला येते. कुंझुमची खिंड सुमारे साडेचार हजार मीटर उंच. बर्फ पडले की ती वाट बंद होते. पण दुर्गम कोणाला? ताबोचा विहार इ. स. ९९६चा मानला जातो. काश्मीर आणि पश्चिम तिबेट यांच्यामध्ये चित्रकार, अनुवादक आणि भिक्खू यांची ये-जा होती, तेव्हा स्पीती वाटेवरच होती. पुढे सीमा बंद झाल्या, परवान्याची रेषा आखली गेली आणि खोरे टोकाला गेले. २०२०मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाल्याने लाहुल वर्षभर जोडले गेले. कुंझुमपलीकडच्या स्पीतीची ती वाट मात्र अजूनही हिवाळ्यात मिटते. डोल्पोतही असेच. बाहेरून येणाऱ्याला जे खोरे जगाच्या पाठीमागे आहे, तेथील लोक याकांच्या पाठीवर तिबेटचे मीठ आणि दक्षिणेचे धान्य नेत-आणत आले. त्यांच्याही योजना होत्या, त्यांनाही खिंडींचे दिवस मोजावे लागत. प्रवासलेखकाच्या पूर्वतयारीत या योजना नोंदल्या जात नाहीत. हमाल वेळेवर न आल्याची तक्रार तेवढी नोंदली जाते. हमाल का आला नाही, त्याच्या शेतात काय चालले होते, हे विचारण्याची पद्धत या वाङ्मयप्रकारात फारशी नाही.

कृष्णनाथांच्या शीर्षकातला पाऊस या संदर्भात महत्त्वाचा आहे. स्पीतीत पाऊस दुर्मीळ. मान्सून तेथवर पोचत नाही. कोणत्याही प्रवासयोजनेत तो धरलेला नसतो. आणि तो पडतो, तेव्हा त्याचा अर्थ प्रवासी लावत नाही. स्पीतीचे लोक लावतात : पाहुण्याचे येणे शुभ झाले. येथवर पाहुणा खोऱ्याचे वेळापत्रक जुळवत होता. आता खोरे त्याला आपल्या पंचांगात बसवते.