‘नमुना’ आणि माणूस

मी मराठीचा प्राध्यापक. रक्ताचे शास्त्र माझे नव्हे. परंतु कोणत्या शब्दात माणूस उभा राहतो आणि कोणत्या शब्दात तो नाहीसा होतो, एवढे मला कळते. सिकलसेलवरील लेखन मी त्या अंगाने वाचतो.

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. पुढे विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांतून रक्त गोळा होत राहिले. शोधनिबंधांत जात येते, टक्केवारी येते. रक्त देणारा मात्र ‘नमुना’ होऊन येतो. हाडांच्या ठणक्याने रात्रभर तळमळणारे पोर त्यात नसते.

हे मौन मोडले ते एका बापाने. मुलाच्या आजारामुळे संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेलग्रस्तांची सोसायटी उभारली. डॉक्टर आणि शासन यांना रुग्णांच्या घरचे ऐकावे लागले. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला. नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातून मात्र रक्ताचे आजार वगळले गेले. २०१८ साली रामटेके यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, नोकरीचे दार बंदच राहिले.

दोष आपलाही आहे. अमेरिकेतील ब्लॅक पँथरने १९७१ पासून सिकलसेलची तपासणी स्वतः चालविली. १९७२ साली आपण त्यांचे नाव घेतले. रक्ताचा प्रश्न मात्र आपल्या सभांत आणि आपल्या साहित्यात फारसा आलाच नाही.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा रोख आदिवासी भागावर आहे. बौद्ध वस्तीतला रुग्ण त्या रोखाबाहेर राहण्याचा धोका मला दिसतो.

इथे अंजनगाव सुर्जीला पानपिंपरीच्या मळ्यात मजुरी करणारी एक बाई मुलीच्या तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. त्यावर एकच शब्द होता : ‘वाहक’. आमच्याकडे वाहक म्हणजे एस. टी.चा कंडक्टर! तिने विचारले, “सर, पोरीचं लगन आता अडन काय?”

मुलगी आजारी नाही. नवराही वाहक असला तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, हे समजावण्यात तास गेला. “प्रत्येक खेपेला” यावर ती अडली. पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे तिला वाटले होते. शिकलेलेही असेच समजतात.

सगळे ऐकून ती म्हणाली, “मंग हे कागदावर काहून नाही लिवलं?”

छपाईपूर्वी तो मजकूर तिच्यासारख्या कोणाला वाचून दाखविला होता काय, हे मी संबंधितांना पत्राने विचारले आहे.