हशाचा हक्क : विनोदी आत्मनिवेदन आणि समलिंगी निवेदक

साठोत्तरी साहित्याच्या चर्चेत लघुअनियतकालिकांची बंडखोरी आणि एकपात्री-कथाकथनाची लोकप्रियता यांचा विचार सहसा वेगवेगळ्या दालनांत केला जातो. वस्तुतः दोन्ही एकाच दशकातल्या घटना होत. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'चे एकपात्री प्रयोग १९६१ मध्ये सुरू झाले, तर १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' प्रसिद्ध झाला. 'वासूनाका'त या धारा परस्परांना भिडतात. पोक्या लिहीत नाही, तो ऐकवतो. आणि शिष्टसंमत भाषेने झाकलेला देह नाक्याच्या बोलीत उघडपणे बोलला जातो. तरीही पोक्याच्या टोळीचा 'आम्ही' हा बाईकडे पाहणाऱ्या पुरुषांचाच राहतो. त्या 'आम्ही'त न मावणाऱ्या पुरुषाचे हसते-हसविते आत्मनिवेदन त्या बंडातून निपजले नाही.

याचे कारण केवळ धैर्याच्या अभावात शोधणे अपुरे ठरेल. कायद्याचे भय खरेच होते. इंग्लंडमध्ये १९६७ साली अंशतः मोकळीक मिळाली आणि १९६८ मध्ये क्वेंटिन क्रिस्प यांचे मिस्कील आत्मकथन आले. पुढे ते स्वतःच रंगमंचावरून बोलू लागले. भारतात मात्र कलम ३७७ चा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील अंमल ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत टिकला. परंतु प्रश्न रूपबंधाचाही आहे. कथाकथनकार श्रोत्यांशी आधीच झालेल्या एका करारावर उभा असतो. 'तुम्हाला ठाऊकच आहे' हे त्याचे न उच्चारलेले पालुपद. समलिंगी निवेदकाला ही ठाऊकी गृहीत धरता येत नाही. समजावून सांगू लागले की विनोद विरतो; बिंदुमाधव खिरे यांच्या 'पार्टनर'सारख्या लेखनाचा गंभीर, समजावणीचा सूर या दृष्टीने अपरिहार्यच म्हणावा लागेल.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात ही अडचण अधिक ठसठशीत होते. येथे बोलून हसविण्याची परंपरा क्षीण नाही. यवतमाळचे कवी शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्रीतून वऱ्हाडी बोलीला स्वतःच्या बळावर रंगमंच मिळवून दिला. (लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधले वऱ्हाड लग्नाचे, हे येथील श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.) दुसरीकडे विदर्भाच्या खडी गंमतीत लुगडे नेसून नाचणारा पुरुष नाच्या पिढ्यान्‌पिढ्या लोकांसमोर आहे. सर्वच नाचे समलिंगी असतात असे मानणे अडाणीपणाचे होईल. मुद्दा एवढाच, की पुरुषातले बाईपण गावाने पाहिले ते मुख्यतः हशाच्या वाटेने. तेथे नाच्या हशाचा विषय असतो. स्वतःच्या आयुष्याचा निवेदक तो होत नाही.

सतीश आळेकर यांच्या 'बेगम बर्वे'ने (१९७९) याच कोंडीला हात घातला. उदबत्त्या विकणारा बर्वे संगीत नाटकाच्या स्वप्नात स्त्री होतो, जावडेकरांशी संसार मांडतो, गर्भारपणापर्यंत पोहोचतो. प्रेक्षक हसतो, पण स्वप्न फाटताना तो हशा घशातच राहतो. मराठी रंगभूमीवरची ही मोठी झेप होय. तथापि बर्वे 'मी' म्हणतो तो उसन्या पदांच्या आडून. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये आडपडदा नाही, स्वगताचा बाज आहे; मात्र बोलणारी आहे ती मुलाची आई. संहितेची हृद्यता त्याने उणावत नाही. परंतु मध्यमवर्गीय श्रोत्याशी करार जुळतो तो तिच्या आईपणामुळे, मुलाच्या स्वतःच्या आवाजामुळे नव्हे.

असा आवाज उद्या वऱ्हाडीत उभा राहिलाच, तर त्याची पहिली गाठ 'बायल्या' या शब्दाशी पडेल. कथाकथनकार गावाच्या नकला करतो. या निवेदकाला गाव आपली नक्कल कशी करते, तिची नक्कल करावी लागेल. छापील मजकुरात तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवता येतो. रंगमंचावर अवतरण आवाजातूनच द्यावे लागते, आणि ते निसटले तर समोरची मंडळी जुन्याच कारणासाठी हसतील.